दिनविशेष : २८ ऑगस्ट – ब्लेनहाइमचा पूल गेला
अमेरिकेत न्यूयॉर्क राज्याच्या स्कोहॅरी खोऱ्यातला १८५५चा लाकडी पूल २०११ साली आजच्याच दिवशी आयरीन वादळाच्या पुरात वाहून गेला. तो बांधला होता व्हरमाँटच्या निकोलस पॉवर्स यांनी. पात्रात एकही खांब न रोवता दोनशे फुटांहून लांब झेप! आत दोन मार्गिका, मधोमध छपरापर्यंत चढलेली लाकडी कमान. वर छप्पर, दोन्ही अंगांना फळ्या. हे छप्पर वाटसरूंसाठी नव्हे, तुळयांसाठी. पावसा-बर्फात भिजलं की लाकूड कुजायचंच. गंमत म्हणजे हिवाळ्यात अशा पुलांच्या आत मुद्दाम बर्फ आणून पसरावा लागे, नाहीतर घसरगाड्या कोरड्या फळ्यांवर अडून बसत.

१९३०च्या दशकात शेजारी पोलादी पूल झाला, वाहनं तिकडे वळली. म्हातारा मात्र लोकांनी पाडू दिला नाही. १९६४मध्ये त्याला राष्ट्रीय ऐतिहासिक वास्तूचा मानही मिळाला. २०११च्या त्या पुरात खोऱ्यातली उभी पिकं चिखलात गेली, घरं गेली, आणि पूलही. २०१८मध्ये तिथेच तशाच घडणीचा नवा लाकडी पूल उभा राहिला. या खेपेला पाण्यापासून बराच उंच.