२३ जुलै

स्मरणिकेसाठी काहीतरी लिहा, असा समितीचा निरोप आला तेव्हा टेबलावर जुलैचे पान उघडे होते. त्यावरच लिहितो. मी इतिहासाचा अभ्यासक नाही. भुसावळचा, डिप्लोमा करून रेल्वेत लागलेला माणूस. चूकभूल वाचकांनी सांभाळून घ्यावी.

बदलीवर लखनौला आलो तो पहिला जुलै. २३ तारखेला टिळक जयंती म्हणून घरून लोकमान्यांची तसबीर घेऊन ऑफिसात गेलो. पाहतो तो टेबलावर आधीच एक तसबीर, हार, उदबत्ती. पिळदार मिशा, खांद्यावर जानवे, चंद्रशेखर आझाद! इथल्या सहकाऱ्यांना टिळकांची जन्मतारीख ठाऊक नव्हती आणि मला आझादांची. त्या दिवशी आम्ही दोघेही पक्ष थोडे ओशाळलो आणि हार अर्धा अर्धा केला.

लोकमान्यांचा जन्म २३ जुलै १८५६, रत्नागिरीचा. आझादांचा २३ जुलै १९०६, मध्य भारतातल्या भाबरा गावचा. म्हणजे टिळक बरोबर पन्नास वर्षांचे झाले त्या दिवशी आझाद जन्मले. (तिथीचा आग्रह धरणाऱ्यांसाठी : टिळकांची जन्मतिथी आषाढ वद्य षष्ठी. ती दरवर्षी वेगळ्या तारखेला येते. आमच्या ऑफिसात मात्र पंचांग चालत नाही, टाइमटेबल चालते.)

याच तारखेला १९२७ साली मुंबईचे रेडिओ केंद्र सुरू झाले. आणि २०१२ साली याच दिवशी आझाद हिंद सेनेच्या कॅप्टन लक्ष्मी सहगल आपल्या शेजारच्या कानपुरात गेल्या. शेवटपर्यंत रुग्ण तपासणाऱ्या या डॉक्टरबाईंनी देहदान केले होते. त्यांच्यावर कधीतरी स्वतंत्र लिहायला हवे.

टिळकांचा एक वाढदिवस मात्र विसरण्यासारखा नाही. १९०८ चा राजद्रोहाचा खटला मुंबई हायकोर्टात २२ जुलैच्या रात्री संपला. ज्युरी नऊ, त्यांतले सात विरुद्ध, दोन बाजूने. शिक्षा देणारे न्यायमूर्ती दावर हे १८९७ च्या खटल्यात टिळकांचेच वकील होते! सहा वर्षांची शिक्षा ऐकवली आणि रातोरात स्पेशल गाडीने त्यांना अहमदाबादकडे रवाना केले. बावन्न वर्षे पूर्ण झाली त्या दिवशीची सकाळ उजाडली ती कैदी म्हणून, साबरमतीच्या वाटेवर. त्या आठवड्यात मुंबईच्या गिरणी कामगारांनी सहा दिवस संप केला. आझाद तेव्हा दोन वर्षांचे होते.

या दोघांची कधी भेट झाल्याचे माझ्या वाचनात नाही. पण दोघांच्या मधला दुवा आपल्या लखनौत आहे, आणि तोही स्टेशनावर.

डिसेंबर १९१६. मंडालेहून सुटून आलेले टिळक लखनौ काँग्रेसला आले. आजची चारबागची देखणी इमारत तेव्हा बांधून पूर्ण व्हायची होती. मवाळांच्या स्वागत समितीला फार गाजावाजा नको होता. लोकमान्यांना मोटारीत बसवून गुपचूप न्यायचा बेत होता. तरुण मंडळी मोटारीपुढे आडवी पडली. शेवटी घोडागाडी आणली, घोडे सोडले आणि पोरांनी ती स्वतः ओढत शहरातून मिरवणूक काढली. मोटारीपुढे आडवे पडणाऱ्यांत शाहजहानपूरहून आलेला एकोणीस वर्षांचा एक मुलगा होता. त्याचे नाव रामप्रसाद बिस्मिल. हा प्रसंग त्याने गोरखपूरच्या तुरुंगात फाशीपूर्वी लिहिलेल्या आत्मचरित्रात आहे.

पुढचे आपण जाणतोच. ९ ऑगस्ट १९२५ ला ८ डाउन पॅसेंजर काकोरीहून सुटली आणि आलमनगरच्या अलीकडे साखळी ओढली गेली. स्टेशनांची रोकड गार्डच्या डब्यातल्या पेटीत जमा होते, हे बिस्मिलने प्रवासात हेरले होते. दहा जणांत सर्वांत लहानांपैकी एक होते आझाद, वय एकोणीस. १९१६ मध्ये बिस्मिलचे होते तेवढेच. (तेव्हाचे ब्रेक व्हॅक्यूमचे. साखळी ओढली की नळीत हवा शिरे आणि गाडी थांबे. आता हवा बाहेर जाते आणि गाडी थांबते. एवढा फरक सांगितल्याशिवाय मला राहवत नाही.)

त्या पट्ट्यात ट्रॉलीवर जाताना मला पेटीपेक्षा दुसरीच गोष्ट आठवते. गोंधळात सुटलेल्या एका गोळीने अहमद अली नावाचा प्रवासी ठार झाला. कोणाला मारायचे नाही असे ठरलेले असताना. क्रांतिकारकांनाही त्याची बोच लागून राहिली. प्रवासी सुखरूप पोचवणे हीच ज्याची नोकरी, त्याला हे नाव वगळून काकोरीची गोष्ट सांगता येत नाही. सांगायची नसते असेही नाही. खजिन्यातून हाती लागले सुमारे साडेचार हजार रुपये, आणि चौघे फासावर गेले : लाहिडी, बिस्मिल, अशफाक, रोशनसिंह. आझाद मात्र सरकारच्या हाती लागले नाहीत.

ते लपले झाशीत, मराठी घरांच्या आसऱ्याने. सदाशिवराव मलकापूरकर, विश्वनाथ वैशंपायन हे त्यांचे जिवाभावाचे सोबती. यांतले सदाशिवराव १९२९ मध्ये भगवानदास माहौर यांच्यासह बॉम्बचे सामान नेताना पकडले गेले, ते माझ्या भुसावळ स्टेशनवर! ज्या प्लॅटफॉर्मवर मी लहानपणी केळी खात गाड्या मोजल्या, तिथली ही गोष्ट मला कळली लखनौत आल्यावर. शाळेत कोणी सांगितली नव्हती.

आझाद गेले २७ फेब्रुवारी १९३१ ला, अलाहाबादच्या आल्फ्रेड पार्कात. कुसुमाग्रजांचा जन्म १९१२ चा, तारीख तीच. आपण मराठी भाषा गौरव दिनाचा कार्यक्रम करतो तेव्हा प्रयागला आझादांच्या पुतळ्याशी गर्दी असते.

मुलगा गेल्यावर त्यांच्या आई जगरानीदेवी भाबऱ्यात फार हलाखीत राहिल्या. तुरुंगातून सुटलेल्या सदाशिवरावांनी त्यांना झाशीला आपल्या घरी आणले आणि अखेरपर्यंत आईसारखे सांभाळले. १९५१ मध्ये झाशीतच त्या गेल्या. बडागाव गेटच्या स्मशानात त्यांची समाधी आहे. गावी जाताना आपली पुष्पक झाशीला थांबते ती रात्री उशिरा, डब्यात बहुतेक मंडळी झोपलेली असतात. गेल्या खेपेला मात्र मी सुट्टी एक दिवस वाढवून तिथे उतरलो होतो.