रुपयामागें एक आणा

पैशाच्या बाबतींत मनुष्य स्वतंत्र केव्हां म्हणावा? ज्याच्यापाशीं पुष्कळ पैसा तो स्वतंत्र, असें उत्तर सहज दिलें जातें. नागपूरचा गेल्या पावणेदोनशें वर्षांचा इतिहास पाहूं लागलें म्हणजे हें उत्तर टिकत नाहीं. या शहरानें राजाचा भरलेला जामदारखाना रिता होतांना पाहिला, आणि गिरणीमजुराच्या पगारांतील आण्याला कायद्याचें कवच चढलेलेंही पाहिलें. हा फरक कशामुळें पडला, तें वाचकांपुढें ठेवण्याचा आमचा विचार आहे.

तिसरे रघूजी भोसले 11 डिसेंबर 1853 रोजीं निपुत्रिक वारले. दत्तक मान्य न करतां लॉर्ड डलहौसीनें पुढील वर्षीं राज्य खालसा केलें. राज्य गेलें तें गेलेंच. पण पाठोपाठ राजकुटुंबाच्या खासगी मिळकतीवरही सरकारचा हात पडला. वाड्यांतील हत्ती, घोडे, बैल सीताबर्डीस लिलांवांत निघाले आणि जडजवाहीर विक्रीकरितां कलकत्त्यास रवाना झालें. वयोवृद्ध बांकाबाईंनीं हरकत घेतली. तिचा उपयोग झाला नाहीं. ज्या घराण्यानें पिढ्यान् पिढ्या इतरांना नेमणुका दिल्या, तेंच आतां नेमणुकीवर राहूं लागलें. त्यांच्यापाशीं संपत्ति थोडी नव्हती. पण तिच्यावरचा हक्क परक्याच्या मर्जीवर टांगलेला होता.

आतां वाड्यांतून खालीं उतरून मजुराच्या घराकडे वळूं. 1867 सालीं नागपुरास आगगाडी आली आणि तिच्याबरोबर विलायती कापडाचे गठ्ठे आले. शहरांतील कोष्ट्यांचे हातमाग त्या चढाओढींत सांपडले. 1 जानेवारी 1877 रोजीं, म्हणजे राणी व्हिक्टोरियानें हिंदुस्थानची सम्राज्ञी हा किताब धारण केल्याच्या दिवशीं, जमशेटजी टाटांची एम्प्रेस मिल येथें सुरू झाली. शेत, माग किंवा बलुतें यांवर जगणाऱ्या कितीतरी घरांत रोख पगार प्रथमच शिरला.

परंतु रोख पगार म्हणजे स्वातंत्र्य नव्हे. घरांत लग्न निघालें, दुखणें आलें, मर्तिक झालें, कीं मजूर सावकाराच्या दारीं जाई. व्हिटलेसाहेबांच्या अध्यक्षतेखालीं नेमलेल्या मजूरविषयक रॉयल कमिशननें 1931 च्या अहवालांत हिंदुस्थानांतील मजुरांच्या कर्जाचा विचार करतांना व्याजाचा एक नेहमींचा दर नोंदविला आहे : रुपयामागें दरमहा एक आणा. ऐकावयास हा दर किरकोळ वाटतो. हिशेब केला म्हणजे तो सालिना शेंकडा 75 भरतो. दहा रुपये काढणाऱ्यानें वर्षभर नेमानें व्याज दिलें, तर साडेसात रुपये जाऊनही मुद्दल दहाचे दहा उभेंच! अशा मजुराचा पुढील महिन्याचा पगार हातीं पडण्यापूर्वींच दुसऱ्याचा झालेला असे. जो उद्यांचा दिवस आजच गहाण टाकून बसला, त्याला मालक बदलण्याची, अन्यायाला नाहीं म्हणण्याची, मुलाला आणखी दोन वर्षें शाळेंत ठेवण्याची मोकळीक कोठून असणार? आर्थिक परतंत्रता ती हीच.

या परतंत्रतेवर नागपुरांत दोन बाजूंनीं उपाय झाले. पहिला गिरणीच्या आंतून. येथील कामगार वरचेवर गैरहजर राहात. केवळ दंड करून माणूस टिकत नाहीं, हें टाटांनीं व रेल्वेच्या नोकरींतून आलेले गिरणीचे व्यवस्थापक बेझनजी मेहता यांनीं ओळखलें. 1886 सालीं गिरणींत पेन्शन फंड निघाला. 1895 पासून अपघातांत जखमी झालेल्यांस भरपाई मिळूं लागली. सरकारचा नुकसानभरपाईचा कायदा त्यानंतर अठ्ठावीस वर्षांनीं, 1923 सालीं झाला. हें दूरदृष्टीचें काम होतें. तरीही तें मालकाच्या सद्बुद्धीचें फळ होतें. चांगल्या धन्याची कृपा आणि वाईट राजाची अवकृपा यांत मोठें अंतर आहे खरें; पण दोन्ही दुसऱ्याच्या मर्जीच्याच जाती.

दुसरा उपाय कायद्याचा. 1925 च्या प्रॉव्हिडंट फंड कायद्यानें सरकारी व रेल्वेच्या नोकरांच्या फंडांतील सक्तीच्या ठेवीला मोठें संरक्षण दिलें : ती रक्कम सावकाराला जप्त करतां येत नाहीं, आणि स्वतः नोकरालाही ती गहाण टाकतां येत नाहीं. नागपूर त्या वेळीं प्रांताची राजधानी आणि रेल्वेचें मोठें ठाणें असल्यामुळें या कायद्याची सावली येथील पुष्कळ मध्यमवर्गीय घरांवर पडली. ‘फंडाचे पैसे’ हा शब्द घरोघरच्या बायकामुलांच्या तोंडीं बसला. कर्जदारांसाठींही नागपूरच्या कायदेमंडळानें पावलें टाकलीं. 1933 सालीं कर्जांच्या समेटाचा, 1936 सालीं गिरणी-कारखान्यांतील मजुरांच्या कर्जफेडीचा आणि 1937 सालीं धनकोच्या धाकदपटशापासून ऋणकोला संरक्षण देणारा, असे तीन कायदे मध्यप्रांतांत झाले.

स्वतंत्र हिंदुस्थानांत 1952 च्या कायद्यानें फंडाची ही सोय कारखान्यांतील मजुरांस हक्कानें मिळाली. आरंभीच्या सहा उद्योगांत कापडाचा धंदा होता. वर्गणीचा मूळ दर शेंकडा सव्वासहा. हा आंकडा सव्वासहाच कां? कारण तो बरोबर रुपयामागें एक आणा होतो! सावकार जो आणा घेऊन माणसाला बांधीत असे, तितकाच आणा आतां त्याची सुटका करूं लागला. मजुराचा एक आणा, मालकाचा एक आणा. दरमहा सोळा रुपयांवर हिशेब धरला तर महिन्याचे दोन रुपये, वर्षाचे चोवीस, आणि तीस वर्षांचे सातशें वीस : व्याज न धरतांही पावणेचार वर्षांचा पगार.

येथें एक शंका संभवते. जो पैसा आपल्याला हवा तेव्हां उचलतां येत नाहीं, तो आपला कसला? आमचें म्हणणें असें कीं, नेमक्या याच बंधनामुळें तो आपला राहतो. भोसल्यांचें जवाहीर सरकारला नेतां आलें; मजुराचा उघडा पगार सावकाराला नेतां आला; कुलूप लावलेला आणा मात्र कोणाला नेतां आला नाहीं. स्वतःच्या हाताला थोडा आळा घातल्यावांचून दुसऱ्याचा हात अडवितां येत नाहीं.

एम्प्रेस मिल 1986 सालीं टाटांच्या हातून सरकारी वस्त्रोद्योग महामंडळाकडे गेली आणि 2002 सालीं कायमची बंद पडली. शंभराहून अधिक वर्षें शहराला उठविणारा तिचा भोंगा आतां नाहीं. नोकरी चिरंजीव नसते, हा तिचा शेवटचा धडा. म्हणून पगारांतून कापलेली रक्कम आपल्या नांवें खरोखर जमा होते कीं नाहीं, हें पाहण्याची जबाबदारी ज्याची त्यानें घ्यावी. आजच्या सुशिक्षित घरांत पगार मोठे झाले आहेत, आणि हप्तेही. दाराशीं काठी घेऊन उभा राहणारा सावकार गेला. हप्ता आतां पगाराच्या दिवशीं आपोआप वळता होतो. तेव्हां मिळकत किती, हा प्रश्न बाजूस ठेवून प्रत्येक कुटुंबानें महिन्याच्या पहिल्या तारखेस एवढेंच विचारावें : आलेल्या रुपयांतील कोणता आणा आधींच दुसऱ्याचा झालेला आहे, आणि कोणता अखेरपर्यंत आपलाच राहणार आहे?