नगराचे जुनेपण : क्राकूव आणि वॉर्सा

युरोपातील ऐतिहासिक नगरे पाहण्यास उन्हाळा सोयीचा, हे खरे. तथापि इतिहासाच्या अभ्यासकाने ती एकदा तरी हिवाळ्यात पाहावीत, असे आम्हांस वाटते. प्रवाशांची गर्दी ओसरलेली असते. झाडे निष्पर्ण झाल्यामुळे इमारतींच्या दर्शनी भिंती पायापासून छपरापर्यंत उघड्या दिसतात. आणि दुपारी चारच्या सुमारासच सूर्य मावळत असल्याने थोडे, पण नीट पाहावे लागते. पोलंडच्या बाबतीत याला आणखी एक कारण आहे. १७ जानेवारी १९४५ रोजी वॉर्सा आणि १८ जानेवारी रोजी क्राकूव जर्मनांच्या हातून सुटले. एका दिवसाच्या अंतराने सुटलेल्या या नगरांपैकी क्राकूव जवळजवळ जसेच्या तसे उभे होते. वॉर्साचा मात्र ढिगारा झाला होता. जानेवारीच्या त्याच दिवसांत ही दोन्ही नगरे पाहताना एक प्रश्न आमच्या मनातून जाईना : नगराचे जुनेपण म्हणजे नेमके काय?

क्राकूव हे सोळाव्या शतकाच्या अखेरीपर्यंत पोलंडच्या राजांचे मुख्य निवासस्थान होते. १२५७ च्या सनदेनुसार आखलेला, प्रत्येक बाजूस सुमारे दोनशे मीटर लांबीचा चौक आजही नगराचे हृदय आहे. त्याच्या कोपऱ्यावरील सेंट मेरीच्या चर्चमध्ये फाइट श्टोस या शिल्पकाराने १४७७ ते १४८९ या काळात कोरलेली लाकडी वेदी आहे. युद्धकाळात ती जर्मनीत नेण्यात आली आणि १९४६ मध्ये परत आली. चर्चच्या मनोऱ्यावरून दर तासाला तुतारी वाजते व सूर मध्येच तुटतो. तार्तरांच्या बाणाने तुतारीवाल्याचा कंठ वेधला म्हणून तो तुटतो, असे सांगतात. ही कथा गोड आहे, पण तिला जुना लेखी आधार नाही. १३६४ मध्ये स्थापन झालेले विद्यापीठ जवळच आहे. कोपर्निकस तेथे शिकला. डिसेंबरात याच चौकात, चांदीसारख्या चकाकत्या कागदांनी मढविलेल्या, क्राकूवच्या मनोऱ्यांची नक्कल करणाऱ्या ख्रिस्तजन्माच्या देखाव्यांची स्पर्धा भरते. १९३७ मध्ये तिचा आरंभ झाला.

हे सर्व पाहिले म्हणजे क्राकूव अभंग राहिले, असे वाटू लागते. पण ६ नोव्हेंबर १९३९ रोजी येथील प्राध्यापकांना एका व्याख्यानाचे निमित्त करून सभागृहात बोलावण्यात आले व सुमारे १८० जणांना अटक झाली. त्यांपैकी बहुतेकांची रवानगी छळछावणीत झाली आणि काही जण परत आलेच नाहीत. इमारत मात्र शाबूत राहिली. चौकापासून थोड्या अंतरावर काझिमिएश हा भाग आहे. पंधराव्या शतकाच्या अखेरीपासून तेथे ज्यूंची वस्ती होती. युद्धापूर्वी क्राकूवच्या लोकसंख्येचा सुमारे चौथा हिस्सा ज्यू होता. मार्च १९४१ मध्ये त्यांना नदीपलीकडच्या बंदिस्त वस्तीत कोंडण्यात आले आणि मार्च १९४३ मध्ये ती वस्तीही रिकामी करण्यात आली. आज काझिमिएशमध्ये सिनेगॉग आहेत, गल्ल्या आहेत, सोळाव्या शतकातील दफनभूमी आहे आणि थडग्यांच्या फुटलेल्या शिळा जुळवून बांधलेली एक भिंतही आहे. ज्यांचे हे सर्व होते, ती माणसे मात्र तेथे नाहीत. दगड वाचले आणि नगर गेले, असे येथे म्हणावे लागते.

वॉर्साची कथा याच्या उलट आहे. १ ऑगस्ट १९४४ रोजी नागरिकांनी केलेला उठाव ६३ दिवस चालला. तो मोडल्यानंतर उरलेल्या लोकांना बाहेर घालवून घरे पद्धतशीरपणे जाळण्यात व सुरुंगांनी उडविण्यात आली. राजवाडाही गेला. ऐतिहासिक मध्यभागाचा ८५ टक्क्यांहून अधिक भाग नष्ट झाला. आज तेथे जो जुना चौक दिसतो, त्याचे उद्घाटन २२ जुलै १९५३ रोजी झाले. राजवाडा तर १९८४ मध्ये लोकांस खुला झाला. या कामी दोन गोष्टी उपयोगी पडल्या. एक, अठराव्या शतकात राजाच्या पदरी असलेल्या बेर्नार्दो बेलोत्तो या चित्रकाराची नगरदृश्ये. आणि दुसरी, वास्तुशास्त्राच्या शिक्षकांनी व विद्यार्थ्यांनी इमारतींची मापे घेऊन काढलेली रेखाटने. यांपैकी पुष्कळ कागद ढिगाऱ्यांतून बाहेर काढून पियोत्रकूव येथील मठात लपविण्यात आले होते. विद्यार्थ्यांच्या वहीतील मापांवरून राजधानी पुन्हा उभी राहावी, ही गोष्ट अध्यापकांनी लक्षात ठेवण्यासारखी आहे.

तथापि येथेही डोळस राहिले पाहिजे. पुन्हा उभारलेला भाग १९३९ सालचा नाही. एकोणिसाव्या शतकातील पुष्कळशी भर वगळण्यात आली. दर्शनी भिंती जुन्या वळणाच्या आणि आत नव्या सोयींची घरे, अशी रचना झाली. विटांसाठी व्रोत्सवाफसारख्या दुसऱ्या उद्ध्वस्त नगरांच्या भिंती उतरविण्यात आल्या. युनेस्कोने १९८० मध्ये या भागास जागतिक वारशात स्थान दिले, तेही पुनर्बांधणीचाच असामान्य नमुना म्हणून.

शिवाय सर्वच पुन्हा उभारले गेले नाही. जुन्या चौकापासून पायी जाता येईल इतक्या अंतरावर मुरानूव आहे. येथील बंदिस्त वस्तीत चार लाखांहून अधिक ज्यू कोंडले गेले होते. १९४३ च्या उठावानंतर ती जमीनदोस्त झाली. तिचे चित्रावरून पुनरुज्जीवन कोणी केले नाही. ढिगाऱ्यावरच, ढिगाऱ्याच्याच भुग्यातून नवी घरे उठली. काही घरे रस्त्यापेक्षा उंचावर का, याचे उत्तर त्यांच्या पायाखाली आहे. त्या वस्तीतील इतिहासकार इमानुएल रिंगेलब्लुम व त्याचे सहकारी यांनी पुरून ठेवलेले कागद १९४६ मध्ये पत्र्याच्या पेट्यांत व १९५० मध्ये दुधाच्या कॅनांत सापडले. त्या वस्तीची वास्तू उरली नाही, साक्ष उरली.

म्हणून जुन्या नगरात विद्यार्थ्यांना नेताना केवळ शतक सांगून थांबू नये. येथे काय उरले, जे पुन्हा बांधले ते कोणी व कशावरून बांधले, आणि कोणाचा भाग बांधावयाचा राहिला, हे तीन प्रश्न त्यांना विचारावयास शिकवावे.

हे प्रश्न आपल्यापासून दूरचे नाहीत. सोव्हिएत हद्दपारीतून सुटलेले सुमारे पाच हजार पोलिश लोक, बहुतेक स्त्रिया व मुले, १९४३ ते १९४८ या काळात कोल्हापूरजवळील वळिवडे येथे राहिले. वॉर्सात कोल्हापूरचे नाव धारण करणारे स्मारक आहे. वळिवड्याच्या त्याच वसाहतीत पुढे फाळणीमुळे घर सुटलेली सिंधी कुटुंबे आली. एकाच जागेवर दोन देशांच्या निर्वासितांचे संसार झाले. त्या भागातील एखाद्या शिक्षकाने विद्यार्थ्यांकडून वृद्धांच्या आठवणी व घरांची मापे लिहवून घेतली, तर वॉर्साच्या विद्यार्थ्यांनी केले तेच काम आपल्याकडे, आणि ढिगारा होण्याच्या आधी, झालेले असेल.