वावरक्षेत्र आणि हद्द (प्राण्यांची)

अन्न शोधणे, जोडीदार मिळवणे आणि पिले वाढवणे या नित्याच्या कामांसाठी प्राणी जेवढ्या भागात फिरतो, ते त्याचे वावरक्षेत्र. ही व्याख्या अमेरिकन सस्तनप्राणीशास्त्रज्ञ विल्यम बर्ट यांनी १९४३ मध्ये मांडली. त्यातला जो भाग प्राणी इतरांपासून राखतो, ती त्याची हद्द. वावरक्षेत्र बहुतेक प्राण्यांना असते. हद्द सर्वांना नसते. नकाशावर दोन्ही रेघेने दाखवतात, आणि त्यामुळे हद्द म्हणजे जमिनीची कायमची वाटणी असा समज होतो. प्रत्यक्षात शेजाऱ्यांच्या रोजच्या फिरण्यातून आणि एकमेकांना टाळण्यातून ती घडते. फिरणे थांबले की ती टिकत नाही.

याचा उत्तम पुरावा इंग्लंडमधील ब्रिस्टल शहरातल्या तांबड्या खोकडांचा आहे. स्टीफन हॅरिस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी त्यांचा दीर्घकाळ अभ्यास केला. खोकड फिरताना मूत्राचा वास ठेवते. शेजाऱ्याला तो ताजा लागला तर तो माघारी वळतो. वास विरत जातो, म्हणून कडेवर पुन्हा पुन्हा जावे लागते. लुका जुज्जोली, जोनाथन पॉट्स आणि हॅरिस यांनी २०११ मध्ये एका गणिती प्रतिमानातल्या प्राण्यांना एवढाच नियम दिला: वाटेल तसे फिरा, परका ताजा वास आला की वळा. तेवढ्याने हद्दी तयार झाल्या, आणि त्यांच्या सीमा सतत सावकाश सरकत राहिल्या.

यावर मोठा आक्षेप असा, की हद्दीचा विस्तार अन्नच ठरवते. अन्न मुबलक असले की लहान जागा पुरते, हे खरेच. पण १९९४ मध्ये ब्रिस्टलमध्ये लुतीची साथ आली आणि बहुतेक खोकडे मेली. रहिवासी त्यांच्यासाठी ठेवत असलेले खाद्य गरजेहून कितीतरी जास्त होते. उरलेल्यांना पोटासाठी अधिक जागा नको होती. तरीही शेजारचे गट संपत गेले तसा त्यांचा वावर वाढला. म्हणजे किमान किती जागा हवी हे अन्नावरून ठरते, पण कुठे थांबायचे ते शेजाऱ्यावरून.

प्रतिमान वास्तवाहून सोपे असते, हा दुसरा आक्षेपही रास्त आहे. मात्र रानातही हेच दिसते. अमेरिकेतील मिनेसोटात रॉजर पीटर्स आणि डेव्हिड मीच यांना लांडग्यांच्या हद्दीच्या कडांवर मध्यभागापेक्षा सुमारे दुप्पट वासखुणा आढळल्या. कडेवर शेजारी कळपाशी गाठ पडण्याचा धोका असल्याने लांडगे तिथे शिकारीसाठी कमी रेंगाळतात. हरणांची संख्या घसरली तेव्हा उरलेली हरणे मुख्यतः दोन कळपांमधल्या अशाच पट्ट्यांत तगून राहिली, असे मीच यांनी १९७७ मध्ये दाखवले.