वाणी, चित्त, शरीर : धार-देवासमधील मनोपचारांचा मागोवा

धारेच्या भोजराजाने पातंजल योगसूत्रांवर 'राजमार्तंड' नावाची वृत्ती लिहिली, हे अभ्यासकांना परिचित आहे. कलकत्त्यास राजेंद्रलाल मित्र यांनी ती १८८३ साली संपादून प्रसिद्ध केली. तिच्या आरंभी भोजाने आपल्या तीन ग्रंथकार्यांचा एकत्र उल्लेख केला आहे : व्याकरण, योग आणि वैद्यक. पतंजलीप्रमाणे आपणही वाणी, चित्त आणि शरीर या तिहींचा मळ दूर केला, असा त्याचा अभिमान. राजेलोकांची आत्मस्तुती वजा केली तरी एक गोष्ट उरते. चित्ताच्या मळाला त्याने शरीराच्या मळाशेजारी मानाचे आसन दिले. ज्या सूत्रांवर तो भाष्य करतो त्यांत संशय, आळस, भ्रांती हे अंतराय आहेत. दुःख, दौर्मनस्य, अंगाचा कंप आणि विस्कळीत श्वास हे त्यांचे सोबती आहेत. एखाद्या मनोविकारतज्ज्ञाने रुग्णाच्या तक्रारी टिपून घ्याव्यात, तशीच ही यादी वाटते.

मात्र ही चिकित्सा एकट्या साधकाची आहे. एका घरात राहून एकमेकांस दुरावलेल्या दोघांचा विचार तीत नाही. तो तिचा विषयही नव्हता. त्या दुराव्याची या परिसरातील सर्वांत ठळक कथा देवासच्या थोरल्या पातीच्या राजवाड्यात घडली.

तुकोजीराव तिसरे यांचा विवाह १९०८ साली कोल्हापूरच्या शाहू छत्रपतींच्या कन्या अक्कासाहेब यांच्याशी झाला. १९१० साली युवराज विक्रमसिंह जन्मले. पुढे मने फाटली आणि राणीसाहेब कायमच्या माहेरी गेल्या. १९२१ साली इंग्रज कादंबरीकार ई. एम. फॉर्स्टर महाराजांचे खाजगी चिटणीस म्हणून काही महिने देवासला राहिले, तेव्हा संसार मोडून गेलेला होता. त्या दिवसांची पत्रे आणि आठवणी त्यांनी १९५३ साली 'द हिल ऑफ देवी' या ग्रंथात दिल्या. महाराजांविषयी त्यांना विलक्षण जिव्हाळा होता, त्यामुळे त्यांचे वर्णन एका बाजूचे आहे, हे लक्षात ठेवावयास हवे. अक्कासाहेबांची बाजू आपणांस त्यांच्याच शब्दांत ऐकावयास मिळत नाही.

या दोघांनी बोलावे तरी कोणाजवळ? दोन्हीकडच्या आप्तांना घराण्याच्या प्रतिष्ठेची चिंता. इंग्रज अधिकाऱ्यांच्या दृष्टीने राजाचा प्रपंच हा राज्यकारभाराचाच भाग. दोघांचे ऐकणारा, पण कोणाच्याही पक्षाचा नसलेला तिसरा माणूस तेथे नव्हता. १९२७ अखेर सतरा वर्षांचे युवराज पित्यापासून भिऊन देवास सोडून गेले. १९३३ साली स्वतः महाराज संस्थान सोडून फ्रेंच पाँडिचेरीस गेले आणि १९३७ साली तेथेच निवर्तले. एखाद्या समुपदेशकामुळे हे सारे टळले असते, असे म्हणणे भाबडेपणाचे ठरेल. तथापि मनोविश्लेषण तेव्हा हिंदुस्थानात अगदीच अज्ञात होते असेही नाही. गिरींद्रशेखर बोस यांनी १९२२ साली कलकत्त्यास त्याची संस्थाच स्थापन केली होती.

सामान्यांच्या वाट्यास आलेली व्यवस्था निराळी. १९१२ च्या वेड्यांसंबंधीच्या कायद्याचा भर रुग्णास बंदोबस्तात ठेवण्यावर होता. ग्वाल्हेरला १९३५ साली मानसिक आरोग्यशाळा निघाली. इंदूरला बाणगंगेचे रुग्णालय होते. महाराष्ट्रात ठाणे-येरवड्याची नावे ज्या थट्टेने घेतली जातात, त्याच थट्टेने आमच्याकडे बाणगंगेचे नाव घेतले जाई. त्यापेक्षा लोकांना जावऱ्याची हुसेन टेकडी जवळची वाटे. तेथील उपायांचे समर्थन मी करणार नाही, परंतु रुग्णासोबत तेथे सारे कुटुंब मुक्काम करते आणि त्याच्या बडबडीची कोणास लाज वाटत नाही, ही गोष्ट रुग्णालयांनी शिकण्याजोगी होती.

बदल सावकाश आला. १९८४ च्या कुटुंब न्यायालय कायद्याने समुपदेशकास न्यायालयात स्थान दिले. म्हणजे पतिपत्नींना तिसरा माणूस भेटला, तो बहुधा वकील गाठल्यानंतर. १९८२ चा राष्ट्रीय मानसिक आरोग्य कार्यक्रम १९९६ पासून जिल्ह्यांकडे वळू लागला. २०१७ च्या कायद्याने, जो २०१८ साली अमलात आला, मानसिक उपचार मिळणे हा नागरिकाचा हक्क ठरविला. २०२२ पासून 'टेली-मानस'च्या १४४१६ या क्रमांकावर दूरध्वनीनेही सल्ला मिळतो.

मराठी माणसाची आणखी एक अडचण असते. हिशेब, कचेरी, बाजार हिंदीत सहज होतो. पत्नीशी बिनसलेले मात्र हिंदीत सांगता येत नाही. भोजाने वाणीला चित्ताशेजारी बसविले ते अशा वेळी पटते. मुंबईचे किशोर फडके यांनी अल्बर्ट एलिस यांची विवेकनिष्ठ उपचारपद्धती मराठीतून मांडली, डॉ. आनंद नाडकर्णी यांनी १९९० साली ठाण्यास मानसिक आरोग्याची संस्था काढली, आणि या विषयाला घरगुती मराठी शब्द मिळाले. ठाणे-मुंबई दूर होती. पुस्तके तेवढी येत. आपल्या वाचनालयातून ती बहुधा वर्तमानपत्राचे वेष्टन घालून घरी जात. परत येताना समासात पेन्सिलीच्या बारीक खुणा असत, क्वचित दोन निरनिराळ्या हातांच्या. ग्रंथपाल त्या खोडीत नसत.