हिरेबेणकलची मृतांची वस्ती

१९५६ पर्यंत रायचूर जिल्हा आपल्याच हैदराबाद राज्यात होता. आपल्यातल्या कितीतरी घरांतले आजोबा-पणजोबा त्या भागात नोकरी करून आले. त्याच जिल्ह्यातल्या गंगावती तालुक्यात (आता जिल्हा कोप्पळ) हिरेबेणकल नावाचे गाव आहे. गेल्या हिवाळ्यात आम्ही काही मंडळी तिथे जाऊन आलो.

काट्याकुट्यांतून डोंगर चढून गेले की माथ्यावर दगडी खोल्या दिसू लागतात. बाजूंना उभ्या शिळा, वर एक आडवी, आणि एका शिळेत नेमके कोरलेले गोल भोक. काही खोल्या दहा फूट उंच, काही गुडघ्याएवढ्या. काही ठिकाणी मोठ्या धोंड्यांखालच्या कपारीच दगड लावून बंद केल्या आहेत. अशी सुमारे चारशे बांधकामे. काळ साधारण इ.स.पू. ८०० ते २००. ही सारी मृतांची वस्ती.

आमचा जन्म मोजमापे आणि अंदाजपत्रके करण्यात गेलेला, त्यामुळे पहिला प्रश्न आला तो मजुरीचा. एवढ्या शिळा काढल्या कशा? उत्तर तिथेच आहे. या खडकाचे थर सुटतात. माथ्यावर एक तळे आहे, ती त्यांची खाण. दगड निघाला आणि खड्ड्यात पाणी साठले. पण शिळा काढणे, सरकवणे, उभी करणे हे एका घराचे काम नव्हे. त्यासाठी माणसे जमवावी लागली, त्यांना जेवू घालावे लागले, कुणाचे तरी ऐकावे लागले. आणि सर्वांच्या वाट्याला दहा फुटी खोली आली नाही, म्हणजे लहानमोठेपणाही होता. त्या काळच्या दख्खनमधल्या इतर थडग्यांत काळी-तांबडी मडकी आणि लोखंडी हत्यारे सापडतात. जिवंतपणी हे लोक माती-लाकडाच्या घरांत राहिले असावेत. ती घरे गेली, मेलेल्यांची राहिली.

एका उंच धोंड्यावर दगडी नगारा आहे. लाकडाने ठोकला की आवाज लांबवर जातो म्हणतात. आमची वर चढायची छाती झाली नाही.

गावकरी या डोंगराला मोरेर गुड्डा म्हणतात. मोरेर म्हणजे बुटके लोक, ते भोकांतून आत-बाहेर करीत, अशी समजूत. आमच्यातले एक मोरे हे ऐकून जरा हिरमुसले! १८३५ मध्ये या जागेची नोंद करणारा मेडोज टेलर निजामाच्या चाकरीत होता. पुढे तोच नळदुर्गला आला. युरोपातही अशीच थडगी आहेत हे त्याच्या ध्यानात आले होते.

२०२१ मध्ये हे ठिकाण युनेस्कोच्या संभाव्य यादीत गेले. तरी गुप्तधनाच्या आशेने उलथवलेल्या शिळा आम्ही पाहिल्या. इकडे आपल्या मौला अलीच्या परिसरातही अशी थडगी होती. सरकारी कागदावर अशा जागेची नोंद खडक किंवा पडीक एवढीच असते, आणि पडीक जमिनीवर प्लॉट पाडायला वेळ लागत नाही. हे आम्ही खात्यात बसूनच पाहिले आहे.

दिवाळीनंतर पुन्हा जायचा विचार आहे. येणाऱ्यांनी पाणी भरपूर घ्यावे, आणि पायात चांगले बूट असावेत.