स्पेंट फ्युएल पूल म्हणजे काय? एका उंदराने बंद पाडलेल्या कूलिंगची गोष्ट

मागच्या पावसाळ्यात कोथरूडमध्ये आमच्या सोसायटीची लाईट रात्रभर गेली होती. सकाळी वायरमनने मीटर रूममधलं पॅनल उघडलं, तर आत मेलेला उंदीर! मी त्याचा फोटो मित्रांच्या ग्रुपवर टाकला. लगेच एकाने लिहिलं, "अरे, जपानमध्ये उंदराने अणुभट्टी बंद पाडली होती." मला ती थाप वाटली. शोधून पाहिलं तर घटना खरी निघाली. फक्त बंद पडली होती ती अणुभट्टी नव्हे, तर वापरलेलं इंधन ठेवायच्या हौदाचं कूलिंग. या हौदाला 'स्पेंट फ्युएल पूल' म्हणतात. आज तो समजून घेऊ, कारण असे हौद आपल्या महाराष्ट्रातही आहेत.

नेमकं काय झालं होतं?

ठिकाण फुकुशिमा दाइची. २०११ च्या त्सुनामीत इथल्या अणुभट्ट्या निकामी झाल्या होत्या, पण वापरलेलं इंधन हौदांमध्येच होतं आणि ते थंड ठेवणं गरजेचं होतं. १८ मार्च २०१३ च्या संध्याकाळी वीज गेली. १, ३ आणि ४ नंबरच्या युनिटच्या हौदांचं आणि एका सामायिक हौदाचं कूलिंग बंद पडलं. सगळं पूर्ववत व्हायला सुमारे २९ तास लागले. ट्रकवर बसवलेल्या एका तात्पुरत्या स्विचबोर्डजवळ भाजलेला उंदीर सापडला. त्याच्यामुळे शॉर्ट सर्किट झालं, असा निष्कर्ष निघाला.

गंमत म्हणजे पुढच्याच महिन्यात, ५ एप्रिलला, उंदीर येऊ नयेत म्हणून जाळी बसवताना पुन्हा शॉर्ट सर्किट झालं आणि ३ नंबरच्या हौदाचं कूलिंग काही तास थांबलं!

इंधन वापरून झालं, तरी गरम का?

गॅस बंद केला की कुकर हळूहळू गार होतो, कारण आत नवी उष्णता तयार होत नाही. अणुइंधनाचं तसं नाही. अणुभट्टी बंद केल्यावर युरेनियमचं विभाजन थांबतं, पण त्यातून आधीच तयार झालेले किरणोत्सारी पदार्थ क्षय पावत राहतात आणि उष्णता देत राहतात. बंद केल्या क्षणी ही उष्णता अणुभट्टीच्या पूर्ण औष्णिक शक्तीच्या सुमारे ६ ते ७ टक्के असते. एका दिवसात ती १ टक्क्याच्या खाली येते. त्यानंतर मात्र ती फार सावकाश कमी होते आणि इंधन वर्षानुवर्षं पाण्यात ठेवावं लागतं.

म्हणून काँक्रीटचा, आतून स्टेनलेस स्टीलचं अस्तर असलेला, साधारण १२ मीटर खोल हौद बांधतात. तळाशी रॅकमध्ये इंधन उभं ठेवतात आणि त्याच्या डोक्यावर कित्येक मीटर पाणी असतं. हे पाणी दोन कामं करतं: उष्णता शोषतं आणि किरणोत्सार अडवतं. पंप ते पाणी फिरवून सतत थंड करत राहतात.

मग धोका किती होता?

इथे एकच प्रश्न महत्त्वाचा: हातात वेळ किती आहे?

चार नंबरच्या हौदात इंधनाचे १,५०० हून अधिक जुडगे होते. तरी कूलिंग बंद झाल्यावर पाण्याचं तापमान तासाला अर्ध्या अंशापेक्षाही कमी वेगाने वाढत होतं. कंपनीने ठरवलेली मर्यादा होती ६५ अंश सेल्सिअस, आणि तिथे पोचायला ४ दिवसांपेक्षा जास्त लागले असते. त्यानंतरही पाणी उकळून पातळी कित्येक मीटर खाली गेल्यावरच इंधन उघडं पडतं. खरा धोका तेव्हा सुरू होतो: इंधनाभोवतीचं झिर्कोनियमचं आवरण अति तापलं, की वाफेशी अभिक्रिया होऊन हायड्रोजन तयार होतो.

म्हणजे हौदातलं पाणी ही एक मोठी पॉवर बँकच समजा. लाईट गेली तरी दुरुस्तीला वेळ मिळतो. पण ही पॉवर बँक नेहमी तेवढीच पुरेल असं नाही. इंधन नुकतंच बाहेर काढलेलं असेल तर ते जास्त उष्णता देतं आणि वेळ कमी मिळतो. मार्च २०११ मध्ये याच चार नंबरच्या हौदाबद्दल जगाला धास्ती होती, कारण काही महिन्यांपूर्वीच अणुभट्टीतलं सगळं इंधन त्यात हलवलं होतं. सुदैवाने ते पाण्याखालीच राहिलं, हे नंतर स्पष्ट झालं.

उंदराच्या घटनेत किरणोत्सार वाढला नाही. पण मला दोन गोष्टी खटकतात. इतक्या मोठ्या अपघातानंतर दोन वर्षांनीही महत्त्वाचं कूलिंग एका तात्पुरत्या बोर्डवर चालू होतं. आणि कंपनीने ही बातमी लोकांना सांगायला सुमारे तीन तास घेतले. घटना छोटी असेलही, पण लपवल्यासारखी वाटली की अफवा मोठी होते.

आपल्या तारापूरचं काय?

पालघर जिल्ह्यातलं तारापूर हे देशातलं पहिलं अणुवीज केंद्र, १९६९ मध्ये सुरू झालेलं. तिथल्या पहिल्या दोन अणुभट्ट्या अमेरिकेच्या जनरल इलेक्ट्रिकच्या, म्हणजे फुकुशिमाच्या १ नंबरसारख्याच उकळत्या पाण्याच्या प्रकारातल्या. वापरलेलं इंधन इथेही आधी पाण्यातच ठेवतात.

२०१८ च्या अखेरीपासून डहाणू-तलासरी भागात भूकंपाचे छोटे धक्के बसू लागले, तेव्हा तारापूरचं नाव पुन्हा चर्चेत आलं. भूकंपात हौदातलं पाणी हिंदकळून सांडू शकतं. १ जानेवारी २०२४ च्या नोटो भूकंपात जपानच्या शिका केंद्रात तसं झालंही, पण सांडलेलं पाणी हौदाच्या मानाने अगदी किरकोळ होतं.

पुढची फॉरवर्ड आली की हे तपासा

• हौदातल्या पाण्याची पातळी किती आहे?
• कूलिंग किती वेळ बंद आहे आणि तापमान किती वेगाने वाढतंय?
• इंधन नुकतंच काढलेलं आहे की जुनं?
• पर्यायी वीज किंवा पाणी आहे का?
• घटनेला आंतरराष्ट्रीय मोजपट्टीवर कोणती पातळी दिली? ही पट्टी ० ते ७ अशी असते. चेर्नोबिल आणि २०११ चं फुकुशिमा ७ वर आहेत.

भारतात अणुकेंद्रांच्या सुरक्षिततेवर अणुऊर्जा नियामक मंडळाची देखरेख असते, त्यामुळे आधी त्यांचं निवेदन शोधा. त्यात या प्रश्नांची उत्तरं नसतील, तर ती मागणं हा आपला हक्क आहे. आणि उत्तरं मिळेपर्यंत फॉरवर्डचं बटण दाबू नका.